शनिवारचा जागल्या

आये, तुझ्या जागल्याबद्दल लोक माझ्याकडे तक्रारी घेऊन येतात. तू जाऊन बावीस वर्षं झाली, आणि गुडघ्यांना तेल चोळायच्या वयात मी लोकांना उत्तरं देत बसलोय, की गोष्टीतला एक बाजूचा माणूस एका भागात असा आणि दुसऱ्या भागात तसा का वागतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "गोष्ट हाय ती. तिला काय कोर्टात साक्षीला उभी करायचीय?" पण कोर्ट आमच्या वडगावातच आहे. साक्ष फिरवून आलेली माणसं मी समोरच्या टपरीवर निवांत चहा पिताना बघतो; त्यांना कुणी इतकं छळत नाही. माझा छापखाना तू पाहिला होतास. त्यात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं छापता छापता एक दिवस मी तुझी गडाची गोष्ट लिहायला घेतली, ते मात्र तू पाहिलं नाहीस. चार भाग निघाले. पाचवा, शेवटचा, जवळजवळ तयार आहे. शेवटचं प्रकरण आणि सुरुवातीचं मनोगत तेवढं राहिलंय. मनोगतात जागल्याचा खुलासा करून एकदाचं मोकळं व्हावं म्हणून बसलो, तर कागदावर पहिला शब्द 'आये' असा उतरला. मग म्हटलं, मनोगत राहू दे.

तुला गोष्ट सांगायची गरज नाही, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. ढगात एक गड, रोज सकाळी तो वेगळ्याच डोंगरावर सापडतो. त्याला सात दरवाजे. राजा कधीचा निघून गेलेला, आणि त्याची धाकटी मुलगी त्याला शोधायला एकेक दरवाजा उतरत निघालेली. तिसऱ्या दरवाज्यावर राखणीला जागल्या बसलेला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि कान असे की उद्या येणाऱ्याचं पाऊल त्याला आज ऐकू यावं. मी पुस्तकं लिहिली राजकन्येवर, मुखपृष्ठावर चित्रही तिचंच छापलं. पण तिच्याबद्दल आजवर एकानंही पत्र लिहिलेलं नाही. इंदुरीच्या शाळेत मला बोलावलं होतं, तिथं वेशभूषेत सात पोरं जागल्या होऊन आली होती आणि राजकन्या एकही नव्हती. त्यातल्या एकानं घोंगडी नव्हती म्हणून मोटरसायकलचं कव्हर पांघरलं होतं. लोकांना दरवाज्यातला माणूस आवडतो, हे मला धंद्यात आधीच कळायला हवं होतं.

गेल्या महिन्यात एक मुलगी छापखान्यात आली. नवलाख उंबरे गावची, तिथल्याच एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी जोडते, गुरुवारी सुट्टी. हातात वही. आल्या आल्या म्हणाली, "काका, राग मानू नका, पण तुमचा जागल्या एक न्हाई. दोन हायत."

म्हटलं, "बस तर खरी. चहा घे, मग फाशी दे."

बसली, पण वही उघडूनच. "पहिल्या भागात परका राजा येतो, तवा हा जागचा हलत पण न्हाई. म्हणतो, 'थांब. तुझं पाऊल पोचलंय, तू अजून पोचला न्हाईस.' आमच्या कंपनीच्या बसमधी हे वाक्य समद्यांना पाठ हाय. आन् दुसऱ्या भागात? ह्याच्या मागं घोडा येऊन उभा ऱ्हातो तरी ह्याला पत्ता न्हाई. घोड्याचे हरभरे खातो, सोताच्या काठीत पाय अडकून पडतो, जो दिसंल त्याला 'जी सरकार' म्हणतो. कानात काय बोळे घातलते व्हय?"

"वय झालं असेल गं."

"तिसऱ्यात परत ऐकू येतंय. वय उलटं फिरलं?"

मी हसलो, तीही हसली, पण सोडेना. म्हणाली, "आमच्या लाइनीवर अशी एक वायर उलटी गेली ना, तर अख्खी गाडी परत येती." बसमध्ये म्हणे दोन तट पडलेत. एका बाजूचे म्हणतात खरा जागल्या पहिल्या भागातला, दुसऱ्या बाजूचे म्हणतात दुसऱ्यातला, कारण तो मजा आणतो. "मला बाकी काय नको. शेवटी राजा परत येणार ना? मग त्याच्यापुढं जागल्या वाकणार का न्हाई, तेवढं सांगा." मी म्हटलं, पुस्तक घे आणि वाच. ती म्हणाली, "म्हंजी तुमालाच ठावं न्हाई." वही मिटून गेली.

तिला उत्तर देता आलं नाही असं नाही. उत्तर मला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. जागल्या दोन होते, कारण तू दोन सांगत होतीस.

मुंबईच्या साहेबांचा, तू राखायचीस तो लोणावळ्याचा बंगला आता मला स्वच्छ दिसतो. सोमवार ते शुक्रवार तिथं आपण दोघंच. पावसाळ्यात चार दिवस दारं उघडली नाहीत तर बुटांवर बुरशी चढायची, गाद्यांना वास यायचा. तू शेगडीवर टोपली पालथी घालून चादरी वाळवतेस, साहेबांचे बूट पुसतेस, खिडक्या उघडतेस आणि धुकं आत आलं की पुन्हा लावतेस. दुपारी सगळं आटोपलं की व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसतेस. साहेबांची खुर्ची. पाय वर घेऊन, मांडी घालून, पदराला हात पुसत. मी खाली पायरीवर. आणि सोमवारचा जागल्या सुरू होतो. आवाज खाली, सावकाश, एकेक शब्द ठेवून. त्याच्या पुढ्यात हत्तीवर बसलेला माणूससुद्धा खाली उतरून बोलायचा. माझ्या अंगावर काटा यायचा. मला वाटायचं, ही खुर्ची आपलीच आहे.

शनिवारी सकाळी मुंबईची मंडळी यायची. साहेब, बाईसाहेब, त्यांची मुलगी, तिची मावसभावंडं. खुर्ची साहेबांची व्हायची. तू स्वयंपाकघरात कढईपुढे, आणि पोरं दारात: "मावशी, गोष्ट! मावशी, जागल्या!" तोच गड, तेच सात दरवाजे. पण जागल्या लाटणं काठीसारखं धरून अडखळत आत यायचा, कमरेत वाकायचा, इतका वाकायचा की घोंगडी डोक्यावरून पुढे पडायची आणि त्याला काही दिसायचं नाही. "जी सरकार, जी सरकार," म्हणत तो भिंतीलाच मुजरा करायचा. पोरं लोळायची. बाईसाहेब दारात येऊन पदर तोंडाला लावायच्या आणि तुला म्हणायच्या, "तू नाटकात जायला हवी होतीस."

आता त्या शनिवारचं. मी दहा वर्षांचा. तू भजी तळतेयस, जागल्या भिंतीला मुजरा करतोय, आणि मी सगळ्यांसमोर म्हणतो, "आये, असं न्हाई! जागल्या वाकत न्हाई. काल तर तू सांगितलंस, तो राजाला थांबवतो!" बघ, तुझ्या जागल्याची पहिली तक्रार कारखान्यातल्या पोरीची नाही. माझीच आहे.

बाईसाहेब दारातच होत्या. रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "अस्सं? म्हणजे आमची गोष्ट वेगळी आणि तुमची वेगळी, होय गं?" तू झाऱ्यातली भजी निथळवून घेतलीस. मग म्हणालीस, "पोराचं काय ऐकता बाईसाहेब. अर्धी गोष्ट ऐकतंय, अर्धी सपनात बघतंय." सगळे हसले. एवढंच झालं. नोकरी गेली नाही, कुणी आवाज चढवला नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आता लोकांना गोष्ट सांगायची म्हटली की बाईसाहेबांना दुष्ट करावंसं वाटतं. त्या दुष्ट नव्हत्या. माझी शाळेची पहिली छत्री त्यांनीच घेऊन दिली होती.

पण सोमवारी तू खुर्चीत बसली नाहीस. पायरीवर बसलीस, माझ्या शेजारी, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुला कान लय तिखट हायत. पण कुटं कोन ऐकतंय, ते न्हाई तुझ्या कानाला कळत?" मारलं असतंस तर बरं झालं असतं. मग मी म्हटलं, गोष्ट सांग. तू सांगितलीस. आणि त्या सोमवारी जागल्या वाकला. पुढच्या सोमवारीही. व्हरांड्यात आपण दोघंच, फाटकापर्यंत चिटपाखरू नाही, आणि तू मला एकट्याला 'जी सरकार' करून दाखवतेस. राजा परत येतो तिथपर्यंत गोष्ट त्यानंतर गेलीच नाही. शेवट मला ठाऊक नाही, आये. तू तो सांगितला नाहीस आणि माझी विचारायची छाती झाली नाही.

तेच कान पुढे पोटाला उपयोगी पडले. स्टेशनवर चहाच्या किटल्या उचलल्या तेव्हा गिऱ्हाइकाच्या आवाजावरून ते पैसे देणार की गाडी सुटेपर्यंत टाळणार, हे कळायचं. टॅक्सी चालवली तेव्हा मागच्या सीटवरच्या बोलण्यावरून कुणाला कोणता पॉइंट दाखवायचा ते कळायचं. आजही मशीनच्या आवाजावरून कागद तिरका गेलाय हे मला बाहेरच्या खोलीत बसून समजतं. सोमवारी तू सांगितलेलं मी एवढं पक्कं शिकलो, की समोर कोण ऐकतंय हे बघितल्याशिवाय मी आजवर तोंड उघडलेलं नाही. लोक त्याला गोड स्वभाव म्हणतात.

आणि म्हणूनच लिहितो, की दुसरा भाग लिहिताना मी काही विसरलो नव्हतो. पहिल्या भागात जागल्या एकदाच, एका ठिकाणी ठेचकाळतो. पुस्तकाच्या दुकानदारानं सांगितलं, तेवढं पान पोरं पुन्हा पुन्हा वाचून घेतात. मी ओळखलं. शनिवारचा जागल्या काढला आणि सगळा भागभर नाचवला. चारही भागांत तो दुसरा भागच सगळ्यांत जास्त खपला. मग लाज वाटली म्हणून तिसऱ्यात सोमवारचा. चौथ्यात दोघांना अर्धं अर्धं, म्हणजे कुणाचीच नाराजी नको. त्या मुलीनं वहीत जे लिहून आणलं होतं ते माझ्या गोष्टीतले दोष नव्हते, माझा हिशोबीपणा होता. तिनं भलत्याच नावाखाली लिहिला इतकंच.

ती गेली त्याच आठवड्यात बंगल्यावरून फोन आला. बाईसाहेबांच्या मुलीचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आम्ही तिला ताई म्हणायचो. आता ती निवृत्त होऊन लोणावळ्यातच राहते. नातवाला दुसरा भाग वाचून दाखवताना तिनं ओळखलं. "अरे, हा तर आपला जागल्या! ये ना, किती वर्षांत आला नाहीस." गेलो. गाडी फाटकाशी लावली आणि पाय सरळ बंगल्याला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाले. ताई व्हरांड्यातून ओरडल्या, "अरे, तिकडून कुठे? इकडून ये." साठ वर्षांचा माणूस, आये, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि पाय असे.

ताईंनी चांगल्या कपांत चहा दिला. तुझ्याबद्दल इतक्या मायेनं बोलल्या की मला मान वर करता येईना. म्हणाल्या, "मावशी नसती तर आमचं बालपण म्हणजे नुसता पाऊस." मग म्हणाल्या, "एक सांगू? रागावू नकोस. तुझ्या पहिल्या आणि तिसऱ्या भागात तू त्याला उगाच ताठ केलायस. गर्विष्ठ वाटतो. मावशीचा जागल्या किती भोळा होता! दुसऱ्या भागात अगदी बरोबर जमलाय. शेवटच्या भागात तोच आण. मावशीची आठवण म्हणून तरी."

म्हटलं, "ताई, सोमवारची गोष्ट वेगळी असायची."

"सोमवारी आम्ही कुठे असायचो रे?" ताई अगदी सहज म्हणाल्या. खरंच होतं ते. त्या जिथं नव्हत्या ते त्यांना कोण सांगणार? नातू म्हणाला, "आजी, जागल्या करून दाखव ना," आणि बासष्ट वर्षांच्या ताई काखेत छत्री धरून उठल्या, कमरेत वाकल्या आणि भिंतीला मुजरा करत म्हणाल्या, "जी सरकार, जी सरकार." हुबेहूब. मान वाकडी करून डावा हात मागे न्यायची लकबसुद्धा तुझीच. पन्नास वर्षं त्या बाईनं ती जपून ठेवली होती.

ती लकब कुणाची, हे मला मामानं सांगितलं होतं, तू गेल्यावर, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. वंदना झाली, जेवणं झाली, आणि तो बाहेर बाजेवर टेकून बोलत बसला होता. आजोबा, म्हणजे तुझे वडील, गावचे जागल्या होते, हे तू मला जन्मभर सांगितलं नाहीस. मामा म्हणाला, "आमी दोघं भावंडं त्याच्या मागं जायचो, भाकरी आणाया. बा वाड्याच्या दारात वाकायचा, डावा हात असा मागं न्यायचा, आन् त्या हातानं आमाला खुणवायचा, वाका म्हणून. मग छप्पन साली दीक्षा घेतली. त्या सांजेला काठी खाली ठेवली ती ठेवली. पुन्हा कुणापुढं वाकल्याला मी तर बघितला न्हाई. पाटील सोता बोलवाया आला, तर म्हणला, 'थांबा. भाकरी खातोय.'" मामा हे सांगताना हसत होता आणि डोळे पुसत होता.

म्हणजे एकच माणूस, आये. दोन्ही वारांचा. तू काही बनवलं नव्हतंस.

नवलाख उंबऱ्याच्या मुलीला मी परवा फोन करून एवढंच विचारलं, तू काय केलं असतंस? तिनं विचार करूनच ठेवला होता. "सोपं हाय काका. वाकतो तवा तो जमिनीला कान लावून ऐकतो. समद्यांना वाटतं मुजरा करतोय. शेवटच्या भागात ते उघड करा, म्हंजी दोन्ही तट गप." हुशार पोरगी. वाचक खूश झाले असते, ताईंचा भोळा जागल्याही टिकला असता. मी एक सकाळभर तसं लिहूनही पाहिलं आणि फाडलं. कारण आजोबा वाकायचे तेव्हा काही ऐकत नव्हते. ते भाकरी मिळवत होते. तू वाकायचीस तेव्हा माझ्या डोक्यावरचं छप्पर राखत होतीस. त्या वाकण्यात मी आता हुशारी घुसडली, तर ते वाकणं झालंच नव्हतं असं ठरेल. आणि ते झालं होतं.

हा कागद अर्धवट ठेवून शेवटचं प्रकरण काल लिहिलं. राजा तिसऱ्या दरवाज्याशी येतो. जागल्याला त्याचं पाऊल आदल्या दिवशीच ऐकू आलेलं असतं. तरी राजा समोर उभा राहिल्यावर त्याची पाठ आपोआप वाकते, जुन्या सवयीनं, डावा हात मागे जातो. राजकन्येला हसू येतं. मग जागल्या सरळ होतो. त्याला त्यासाठी बराच वेळ लागतो, एक पानभर. सरळ झाल्यावर तो म्हणतो, "थांबा." बस, एवढंच. का वाकला आणि का उठला, खुलासा दिलेला नाही. दोन्ही तट चिडतील. ताईंचा फोन येईल, त्या म्हणतील शेवटी बिघडवलासच. आणि वहीवाली येईल, ती म्हणेल सुरुवातीलाच बिघडलाय. दोघींनाही चहा पाजीन. आता भांडायचा उत्साह राहिला नाही. तुझा शेवट असाच होता का, ते मला कळणार नाही, हेही मी मान्य करून टाकलंय.

हे सगळं मनोगतात घालणार होतो. घालत नाही. तिथं दोन ओळींत वाचकांचे आभार मानतो, ते पुरे. हा कागद वाया गेलेल्या छपाईच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलाय. दुसऱ्या अंगाला कुणाच्या तरी बारशाचं निमंत्रण आहे. तो रद्दीत जाईल.

एक गोष्ट मात्र वर लिहायची टाळली. ताईंनी भिंतीला मुजरा करून दाखवला, तेव्हा मी मान खाली घालून बसलो असेन असं वाचणाऱ्याला वाटेल. मी हसलो, आये. पोटातून, त्या नातवाच्या बरोबरीनं. आणि तेव्हाही, शनिवारी, त्या स्वयंपाकघराच्या दारात सगळ्यांत मोठ्यानं हसणारा मीच असायचो. सोमवारचा जागल्या मला मोठा वाटायचा. पण आठवडाभर मी वाट शनिवारच्याची बघायचो.